हौसेचा गळ आणि पोटाचे जाळे

समुद्राच्या प्रश्नाची चर्चा बुलढाण्यात कशासाठी, असे एखादा कार्यकर्ता विचारील, आणि वरवर पाहता त्याचे विचारणे रास्तच ठरेल. जिल्ह्याला किनारा नाही. पूर्णा, पैनगंगा, नळगंगा आणि खडकपूर्णा यांच्या पाण्यावर त्याचा निर्वाह चालतो, आणि उन्हाळा चढला की या नद्यांच्या पात्रांतून वाळू तेवढी दिसते. तथापि देऊळगाव राजा तालुक्यात खडकपूर्णेवर जो जलाशय उभा राहिला, आणि मेहुणा राजा हे ज्यांचे जन्मगाव मानले जाते त्या चोखोबांच्या नावाने जो संत चोखासागर म्हणून ओळखला जातो, त्याच्या काठी पहाटे थोडा वेळ उभे राहिले तर समुद्राचा प्रश्न तेथेही भेटतो. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळे ओढणारा भोई ज्या पाण्यात मासे धरतो ते पाणी पाटबंधारे खात्याचे असते. माशांचा ठेका मत्स्यव्यवसाय खात्याच्या नियमांनी ठरतो. जलाशय अभयारण्याच्या हद्दीत पडला, जसा ज्ञानगंगेत पलढगचा, तर वनखात्याचा शब्द अखेरचा होतो. आणि काठावर पर्यटनाची योजना आली की चौथे एक खाते तेथे आपला फलक रोवते. या चार दप्तरांत भोयाचे नाव कोठे आहे, आणि असले तर हक्कदार म्हणून आहे की अतिक्रमक म्हणून, हा प्रश्न विचारण्यासाठी किनाऱ्याची गरज नाही.

किनाऱ्यावर तो अधिक ठळकपणे दिसतो, एवढेच. तेथे मासा, मच्छीमार आणि सरकार या तिघांच्या जोडीला आता हौशी मासेमार हा चौथा पक्ष आलेला आहे. शहरातून यायचे, भाड्याची बोट घ्यायची, छडी आणि रीळ लावून मोठा मासा झुंजवायचा, त्याचे छायाचित्र काढायचे, आणि मग तो सोडून द्यायचा किंवा घरी न्यायचा, हा छंद युरोप-अमेरिकेत जुना आहे. आपल्याकडे पवईच्या तलावाकाठी हौशी गळवाल्यांची संघटना अनेक दशके नांदत आली. अंदमानात परदेशी गळवाल्यांसाठी धंदा उभा राहिला. आता गोव्यात आणि कोकणच्या किनाऱ्यावरही अशा बोटी दिसतात. या छंदाला समुद्राचे दार किती उघडावे, आणि समुद्रातील जीवसृष्टीच्या रक्षणासाठी ते कोठे बंद करावे, हा वाद जगभर चालू आहे. तो बहुधा हौशी मासेमार आणि निसर्गरक्षक या दोघांतच मांडला जातो. जो पोटासाठी त्याच पाण्यात उतरतो तो या वादात साक्षीदार म्हणूनही बोलावला जात नाही.

महाराष्ट्रात या वादाची भूमी मालवण ही आहे. ज्या राजापूर मतदारसंघाने बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांना लोकसभेत पाठविले त्याच मतदारसंघातला हा किनारा. १३ एप्रिल १९८७ रोजी राज्य शासनाने १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येथे राज्यातील पहिले सागरी अभयारण्य जाहीर केले. क्षेत्र सुमारे २९.१२ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीचा ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग गाभाक्षेत्र, आणि उरलेले सभोवतालचे संरक्षक क्षेत्र. येथल्या खडकांवर प्रवाळ आहे, समुद्री शेवाळाच्या असंख्य जाती आहेत, खडकांच्या कपारींत माशांची पिल्ले वाढतात. रक्षण करण्याजोगे येथे पुष्कळ होते व आहे, याविषयी दुमत नसावे. दुमत झाले ते रीतीविषयी. ज्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या रापण पडत आली त्या पाण्यावर अभयारण्याची रेघ ओढताना रापणकारांना विश्वासात घेतले गेले नाही, ही तेथल्या मच्छीमारांची तक्रार पहिल्या दिवसापासूनची आहे.

येथे कायद्यातील एक तारीख नीट लक्षात घेतली पाहिजे. वन्यजीव कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाली आणि तिच्यात असे कलम आले की प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यावयाचा असेल तर स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याची पुरेशी तजवीज आधी केली पाहिजे. म्हणजे समुद्रावर माणसांचे पोट अवलंबून असते ही गोष्ट संसदेच्या ध्यानी आली. मात्र मालवणची अधिसूचना निघाल्यानंतर चार वर्षांनी. जंगलासाठी लिहिलेला कायदा समुद्राला जसाच्या तसा लावला की काय होते, याचे हे उदाहरण आहे. जंगलात सीमेचा दगड रोवता येतो. बांगडा दगड पाहून पोहत नाही, आणि ज्या खात्याकडे वाघाचा माग काढणारे रक्षक आहेत त्याच्याकडे समुद्रात गस्त घालण्यास बोट असतेच असे नाही.

परिणाम व्हायचा तोच झाला. अभयारण्य बरेचसे कागदावर राहिले. मच्छीमाराच्या मनात बंदीची धास्ती कायम राहिली, आणि समुद्राचे रक्षण मात्र त्या प्रमाणात झाले नाही. त्याच काळात त्याच पाण्यावर पर्यटन वाढले. किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या, प्रवाळ पाहण्यासाठी पाण्यात उतरविण्याचे खेळ, तारकर्लीचे पाणबुडेपणाचे शिक्षण देणारे सरकारी केंद्र, हा सारा पसारा उभा राहिला. रापणकाराच्या जाळ्याला जे पाणी निषिद्ध ठरविले त्यात पर्यटकाच्या पायांना मुभा मिळाली, असे मच्छीमाराला वाटले तर त्याला निसर्गद्रोही म्हणता येणार नाही.

अर्थात चित्र एवढे सरळ नाही, आणि कार्यकर्त्यांनी ते सरळ करून सांगूही नये. पर्यटकांना पाण्यात उतरविणाऱ्या होड्यांपैकी कित्येक मच्छीमारांच्याच आहेत. ज्याच्या बापाने रापण ओढली तो मुलगा आज पाहुण्यांची खानावळ चालवितो आणि हौशी गळवाल्याला खडकाची जागा दाखवून दिवसाची रोजी मिळवितो. मासळीच्या हंगामाचा भरवसा राहिला नाही तेव्हा त्याने हा मार्ग धरला. त्यात कमीपणा काही नाही. शिवाय २०११ नंतरच्या काही वर्षांत संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्याने सिंधुदुर्गात जो प्रकल्प चालला त्याने मच्छीमारांशी बोलण्याची रीत काही अंशी तरी रुजविली. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटाला चौकोनी आसाची जाळी लावून लहान मासळीला निसटू देण्याचे प्रयोग त्यातूनच पुढे आले. तेव्हा पर्यटन म्हणजे शत्रू आणि जाळे म्हणजे पुण्य, अशी वाटणी करून भागत नाही. समुद्राची सर्वांत मोठी लूट हौशी माणसाने केलेली नाही. ती करणारे बहुतेक स्वतःला मच्छीमारच म्हणवितात. यांत्रिक ट्रॉलर तळ खरवडतो, पर्ससीनचे जाळे अख्खा थवा एका घेरात उचलते, आणि त्यावर एलईडी दिव्यांचा प्रखर झोत आला की रात्रीच्या अंधाराने माशाला दिलेले संरक्षणही संपते.

या लढ्याचा इतिहास समाजवादी कार्यकर्त्यांना नवा नाही. गोव्यात १९७० च्या दशकात रापणकार ट्रॉलरांविरुद्ध उभे राहिले, माथानी साल्ढाणा यांच्यासारख्यांनी त्यांना संघटित केले, आणि तेथल्या आंदोलनातून सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा १९८० साली आला. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा. त्यानंतर डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीच्या अहवालावरून ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर हंगामाचे आणि क्षेत्राचे निर्बंध आले. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढेच महिने त्याला मोकळे राहिले. दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ साली राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंडाच्या रकमा लाखांच्या घरात गेल्या. कायदा कमी पडला असे म्हणता येत नाही. बंदरात उभा राहून तो बजावणारा हात कमी पडतो, आणि तो हात लहान होडीवर जितक्या लवकर पडतो तितक्या लवकर मोठ्या बोटीवर पडत नाही.

मग हौशी मासेमाराचा विचार करायचाच कशाला? त्याचे एकट्याचे ओझे ते किती! हा युक्तिवाद त्याच्या बाजूने नेहमी केला जातो आणि तो अर्धा खरा आहे. एका माणसाच्या एका गळाने समुद्र ओस पडत नाही. पण २००४ साली कुक आणि कॉक्स या दोन अभ्यासकांनी जो जागतिक अंदाज मांडला त्याप्रमाणे जगातील एकूण मासळीच्या सुमारे १२ टक्के वाटा हौशी मासेमारीचा असू शकतो. श्रीमंत देशांच्या किनाऱ्यावरील काही जातींबाबत तर हौशी माणूसच मुख्य मासेमार आहे. आपल्याकडे हा वाटा आज अत्यल्प असणार. परंतु तो मोजण्याची काही व्यवस्था नाही, आणि ज्याची मोजदाद नाही त्याच्यावर नियम बसत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गातले सत्य आहे.

मोजदादीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे हौशी गळाची निवड. जाळे मिळेल ते उचलते. गळवाल्याला मोठाच मासा हवा असतो. आणि माशांच्या जगात मोठा मासा म्हणजे केवळ अधिक किलो नव्हे. कोकणात ज्याला मोठा मान आहे तो जिताडा आयुष्याची पहिली काही वर्षे नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. तेव्हा सर्वांत मोठे जिताडे निवडून काढणे म्हणजे अंडी घालणाऱ्या माद्या निवडून काढणे होय. हेकरू किंवा गोबरा या खडकातल्या माशाचे याच्या नेमके उलट आहे. तो मादी म्हणून सुरू होतो आणि मोठेपणी नर होतो. मोठे मासे गेले की खडकावर माद्या उरतात आणि नर मिळत नाहीत. जेथे असा लिंगपालट होत नाही तेथेही मोठी मादी लहानीपेक्षा वजनाच्या मानाने कितीतरी अधिक अंडी घालते. छायाचित्रासाठी जो मासा हवा असतो तोच वंशासाठी हवा असतो, ही खरी अडचण आहे.

यावर हौशी मंडळींचे उत्तर असे की मासा धरून सोडून द्यावा. उथळ पाण्यात, थोडक्या वेळात, काटे नसलेल्या गळाने हे नीट केले तर बहुतेक मासे जगतात, हे मान्य केले पाहिजे. खोल खडकावरून मासा भरभर वर ओढला तर मात्र त्याच्या पोटातील हवेची पिशवी दाब कमी झाल्यामुळे फुगते, कधी जठर तोंडातून बाहेर येते, आणि सोडून दिलेला मासा खाली जाऊ न शकल्यामुळे पृष्ठभागावर तरंगत मरतो. सोडल्याचे समाधान माणसाला मिळते; माशाला त्याचा उपयोग होतोच असे नाही.

राज्य शासनाने २०२३ साली पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केले आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. हे पाऊल चांगले आहे. पण त्याचा भार कोणावर पडतो ते पाहावे. किमान आकाराचा नियम जाळेवाल्याच्या मानेवर बसतो, आणि जाळेवाल्याला पाण्याखाली निवड करता येत नाही. आस मोठी ठेवणे एवढेच त्याच्या हाती असते. हौशी गळवाल्याला मात्र एकेक मासा हातात घेऊन पाहता येतो. ज्याला निवड करता येते त्याच्यावर निवडीचा नियम अधिक कडक असावा, हे साधे न्यायाचे तत्त्व आहे. त्याच्यासाठी किमान आकाराबरोबर कमाल आकारही ठरला पाहिजे: अमुक लांबीवरचा जिताडा किंवा हेकरू हौसेच्या गळाने नेता कामा नये, आणि जेथून जिवंत परत जाण्याची शक्यता नाही अशा खोलीवर त्याच्यासाठी गळच टाकता कामा नये. जाळेवाल्यावर असा नियम लादणे अव्यवहार्य आहे. गळवाल्यावर तो सहज बसतो.

हौशी माणसाच्या बाजूनेही एक पुरावा आहे आणि तो दडवणे अप्रामाणिकपणाचे होईल. कर्नाटकात कावेरीच्या काठी गळीबोरे, भीमेश्वरी, दोड्डमकळी येथे महाशीर माशासाठी गळवाल्यांच्या छावण्या होत्या. तेथे मासा धरून सोडून देण्याचा दंडक होता, आणि नदीकाठच्या गावांतील माणसांना, त्यांत पूर्वी चोरून मासे मारणारेही होते, वाटाडे व राखणदार म्हणून काम मिळाले होते. २०१० नंतर वन्यजीव कायद्याचा दाखला देऊन या छावण्या बंद झाल्या. १९९८ ते २०१२ या काळात गळवाल्यांनी ठेवलेल्या नोंदींवरूनच अभ्यासकांना पुढे कळले की कावेरीचा मूळचा वशिंडाचा महाशीर नाहीसा होत चालला आहे आणि बाहेरून आणून सोडलेला दुसरा महाशीर त्याची जागा घेतो आहे. २०१८ साली हा मूळचा मासा अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. छावण्या उठल्या तेव्हा काठावरची राखणही उठली आणि सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांना रान मोकळे झाले, अशी तक्रार जाणकारांनी केली. या गोष्टीचा अर्थ इतकाच की स्थानिक माणसाशी बांधलेला हौशी मासेमार पाण्याचा पहारेकरी होऊ शकतो. कायद्याने त्याला सरसकट बाहेर काढले की पाणी आपोआप सुरक्षित होत नाही.

पण तो स्थानिक माणसाशी बांधलेला असला पाहिजे. तो सुटा आणि संघटित झाला की काय होते ते अमेरिकेने दाखविले आहे. मेक्सिकोच्या आखातात तांबोश्याच्या जातीचा लाल स्नॅपर मासा अतिमासेमारीने घटला, तेव्हा वार्षिक मर्यादा ठरली आणि तिचे ५१ टक्के धंदेवाईक मच्छीमारांना व ४९ टक्के हौशी मंडळींना असे वाटप झाले. धंदेवाईकांना २००७ पासून प्रत्येकी ठराविक हिस्सा मिळाला आणि ते त्यात राहू लागले. हौशी बोटी असंख्य. त्यांची मर्यादा वारंवार ओलांडली जाई. म्हणून २०१७ साली खाजगी बोटींसाठी केंद्रीय हद्दीतला हंगाम अवघ्या तीन दिवसांवर आला. त्यावर ओरड झाली. बोटींचे मालक, बोटी बनविणारे कारखाने, त्यांचे लोकप्रतिनिधी एकत्र झाले, आणि वाणिज्य खात्याने आणखी ३९ दिवस बहाल केले. त्यामुळे मर्यादा मोठ्या प्रमाणात ओलांडली जाईल हे त्या खात्याच्या आदेशातच नमूद होते! मासा कमी आहे हे माहीत असून सरकारने दार उघडले, कारण दारात उभे असलेले लोक वजनदार होते. आपल्याकडे छडी-रीळवाल्यांची संख्या आज थोडी आहे. ती वाढेल तेव्हा तेही रिकाम्या हातांचे लोक नसतील. त्यांच्यामागे हॉटेले आणि बोटींचे व्यापारी असतील. नियम करण्याची वेळ तेव्हाची नव्हे, आजची आहे.

ऑस्ट्रेलियाचा मार्ग थोडा निराळा. तेथील मोठ्या प्रवाळभिंतीच्या उद्यानात २००४ साली मासेमारीला पूर्ण बंद असलेला भाग पाच टक्क्यांच्या आतून सुमारे ३३ टक्क्यांवर नेला. बाकीच्या पट्ट्यांत कोठे गळ चालतो, कोठे जाळे चालते, हे नकाशावर रंगांनी दाखविले. बंद म्हणजे सर्वांना बंद, हौशी आणि धंदेवाईक दोघांनाही. ज्यांचा धंदा बुडाला त्यांच्यासाठी तेथल्या सरकारने दोनशे दशलक्ष डॉलरांहून अधिक खर्च केला. मालवणच्या रापणकाराला असे काही मिळाल्याचे ऐकिवात नाही.

सार्वजनिक साधनसंपत्ती म्हटली की तिचा नाश अटळ, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडले आणि सरकारी मालकी किंवा खाजगी मालकी हे दोनच मार्ग शिल्लक आहेत असा समज रूढ झाला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात तो खोडून काढला. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या उदाहरणांत तुर्कस्तानातील अलान्याचे किनारी मच्छीमार आहेत. तेथे मासेमारीच्या जागांची यादी करून चिठ्ठ्या टाकतात आणि रोज जागा बदलत जातात, म्हणजे चांगली जागा सर्वांच्या वाट्याला येते. हे वाचायला तुर्कस्तानात जाण्याची आवश्यकता नव्हती. रापणीची पाळी आणि रापणीतला वाटा ही कोकणची रीत याच जातीची आहे: होडी अर्धवर्तुळात जाळे टाकीत जाते, दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढतात, आणि मासळीचे वाटे होतात. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. तेथल्या माशांना कोणी गळ लावीत नाही, कारण ते देवीचे मासे आहेत अशी गावकऱ्यांची श्रद्धा आहे. श्रद्धेची चिकित्सा करणाऱ्यांनी ती अवश्य करावी. पण एवढे ध्यानात घ्यावे की त्या डोहाला राखण्यासाठी वनखात्याची बोट कधी लागली नाही.

तेव्हा समतोल साधायचा तो कोणाकोणात? सर्व हक्कदार एका रांगेत उभे करून प्रत्येकाला सारखा वाटा देणे म्हणजे समतोल नव्हे. अगोदर माशाच्या वंशाला हवे तेवढे पाणी आणि हवा तेवढा काळ बाजूला काढावा. त्या पाण्यात रापण नको, गळ नको, पर्यटकांच्या होडीचा नांगरही नको. प्रवाळावर पडणारा नांगर हौशी आहे की धंदेवाईक हे प्रवाळाला कळत नाही. त्यानंतर जे उरते त्यावर पहिला हक्क पोट भरणाऱ्याचा. आणि हौसेचा हक्क त्याच्या मागून, त्याच्या संमतीने, मोल देऊन.

मोल हा शब्द येथे अर्थशास्त्राच्या अर्थाने घ्यावा. हौशी गळवाला बोटीचे भाडे देतो, निवासाचे देतो, छडीचे, रिळाचे, पेट्रोलचे देतो. ज्या माशासाठी तो आला त्या माशाचे मात्र काही देत नाही. जमीन कसणारा खंड देतो, धरणात जाळे टाकणारी भोयांची सोसायटी ठेक्याची रक्कम मोजते, आणि समुद्रातल्या सर्वांत देखण्या माशाची मजा फुकट! परवाना-शुल्क घ्यावेच. पण ते राज्याच्या तिजोरीत जाऊन विरू नये. स्थानिक मच्छीमार सोसायटीच्या निधीत यावे आणि त्यातून गस्तीच्या होडीचा खर्च निघावा. प्रत्येक फेरीची नोंद त्याच सोसायटीकडे व्हावी. शासनाला आकडे हवे असतील तर त्याने ते तेथून घ्यावेत.

येथे एक धोका आहे. परवाना म्हटला की तो अखेर गरिबावर येऊन आदळतो. कोकणात संध्याकाळी खडकावर बसून कालवणापुरते दोन मासे गरवणारा माणूस छंदिष्ट नाही आणि मच्छीमारही नाही. दिवसभर काजूच्या कारखान्यात राबून आलेल्याचा तो रात्रीचा घास आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१२ साली हौशी मासेमारीविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांत मूळ व्याख्याच अशी आहे की ज्या मासेमारीवर माणसाचे मुख्य पोषण अवलंबून नाही आणि जिची मासळी सहसा विकली जात नाही ती हौशी. पहिले कलम ध्यानात ठेवावे. दोरी आणि गळ हातात घेऊन काठावर बसणाऱ्याला परवान्याच्या बाहेर ठेवावे. भाड्याच्या यांत्रिक बोटीतून जाणाऱ्याला आत घ्यावे. ही रेघ सोपी आहे, आणि ती ओढण्यासाठी निरीक्षकाच्या मर्जीची गरज पडत नाही.

निवतीच्या समुद्रात आता नवा प्रश्न येऊ घातला आहे. नौदलाच्या सेवेतून जानेवारी २०२४ मध्ये मुक्त झालेली ‘गुलदार’ ही नौका पाण्याखालील संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभिंत म्हणून तेथे बसविण्यासाठी २०२५ साली राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे सुपूर्द झाली. बुडविलेल्या जहाजाभोवती मासे जमतात हे खरे. ते नवे मासे निर्माण होतात की सभोवतालचेच तेथे गोळा होतात, यावर शास्त्रज्ञांत जुना वाद आहे. दुसरी शक्यता खरी ठरली तर आसपासच्या खडकांवर गळ टाकणाऱ्या लहान मच्छीमाराचे मासे उठून पर्यटकांच्या दृष्टीसमोर जाऊन उभे राहतील. तेथे गळ कोणी टाकावा, किती अंतरावर, आणि पाहण्याच्या तिकिटातला वाटा कोणाला, हे निवतीच्या मच्छीमारांच्या बैठकीत ठरले पाहिजे, आणि त्या ठरावाला शासनाच्या आदेशात जागा मिळाली पाहिजे.

बुलढाण्यात अजून एवढी घाई नाही. चोखासागराच्या काठी छडीवाले थोडे दिसतील, आणि दिसले तरी ते गावातलेच असतील. पण जलाशयांवर पर्यटन आणण्याची भाषा सर्वत्र चालू आहे, आणि पर्यटनाचा करार होतो तेव्हा भोयांच्या सोसायटीला तो वर्तमानपत्रातून कळतो, असा अनुभव राज्यात इतरत्र आलेला आहे. जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना करण्याजोगे काम साधेच आहे. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत बसावे, ठेक्याचा कागद मोठ्याने वाचून घ्यावा, आणि ठराव लिहून घ्यावा की या पाण्यात हौसेच्या बोटीला परवानगी देण्यापूर्वी सोसायटीची लेखी संमती लागेल, शुल्क सोसायटीत जमा होईल, आणि मत्स्यबीज सोडलेल्या भागात गळ टाकता येणार नाही. आणखी एक ओळ जुन्या भोयांना विचारून घालावी. पावसाळ्यात काठच्या उथळ, गवताळ पाण्यात मरळीची जोडी आपल्या पिल्लांच्या थव्याची राखण करीत असते. पिल्ले वर आली की पाणी बुडबुडते आणि जाणता गळवाला नेमका तेथेच गळ टाकतो. राखण करणारी मरळ त्यावर झडप घालते, ती गेली की थवा इतर मासे खाऊन टाकतात. त्या दिवसांत तेथे गळ नको, गावातल्याचाही नको आणि बाहेरच्याचाही नको. ते दिवस कोणते, हे सोसायटीच्या वडीलधाऱ्या सभासदांना तोंडपाठ असतात. ठेक्याच्या कागदावर ते अद्याप कोणी लिहिलेले नाहीत.